पालवणकर बाळू आणि मुंबईचे पंचरंगी सामने: खेळ माणसं जोडतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या भाषणांत 'मैदानावर जातपात, धर्म काही उरत नाही' हे वाक्य हमखास येतं. टाळ्याही मिळतात. पण ते कितपत खरं आहे हे तपासायला आपल्याकडेच एक उत्तम प्रकरण पडून आहे. पुण्या-मुंबईतलं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं क्रिकेट, चर्मकार समाजातले चार भाऊ आणि चक्क धर्मानुसार संघ पाडलेली एक स्पर्धा. या विषयावर बोलताना पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

ज्या स्पर्धेत हिंदू, मुसलमान, पारशी असे संघ होते, तिच्यात एकता शोधायची तरी कुठे?

शंका रास्त आहे. मुंबईत १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना होत असे. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाले. १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू वगैरे उरलेल्या सगळ्यांचा मिळून 'दि रेस्ट' नावाचा संघ आला आणि झाले पंचरंगी. म्हणजे रचना सरळसरळ फूट दाखवणारी. गंमत अशी की याच रचनेमुळे 'हिंदू' म्हणवणाऱ्या संघाला एक प्रश्न टाळता आला नाही: गोऱ्यांना हरवायचं असेल तर आपल्यातला सर्वांत चांगला गोलंदाज घ्यायचा, की त्याची जात पाहायची? या लेखातली बरीचशी उत्तरं त्या एका प्रश्नाभोवती फिरतात.

बाळू कोण होते?

डावखुरे फिरकी गोलंदाज. जन्म धारवाडचा, १८७५-७६ च्या सुमाराचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून. वडील लष्करात होते, घर पुण्याला. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चार भाऊ, चौघेही वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळले. बाळूंनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. त्यांचा पहिला प्रथम श्रेणी सामना झाला तेव्हा ते तिशीच्या आसपास होते हे लक्षात घ्या. उमेदीची आधीची सगळी वर्षं या आकड्यांत नाहीतच.

त्यांना क्रिकेट शिकवलं कोणी?

शिकवलं कोणीच नाही. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर भाऊ भाऊ खेळत. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या मैदानावर: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमाराला ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथेही काम तेच, पण सरावाच्या जाळीत साहेबांना गोलंदाजी करायची मुभा मिळाली.

त्या क्लबात ग्रेग नावाचा फलंदाज होता. पुढे हॅम्पशायरकडून काउंटी क्रिकेट खेळलेला, त्या काळातल्या हिंदुस्थानातला बहुधा सर्वांत चांगला युरोपियन फलंदाज. तो सरावाला लवकर यायचा आणि बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावायचा. बाद केलंस की दर वेळी आठ आणे. महिन्याला तीन-चार रुपये कमावणाऱ्या पोरासाठी आठ आणे म्हणजे थोडेथोडके नव्हेत. ग्रेगची फलंदाजी सुधारली ती बाळूंमुळे, आणि बाळूंची गोलंदाजी घडली ती ग्रेगमुळे. पण पूना क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी आली नाही. चेंडू टाकणं हे काम होतं, फलंदाजी हा साहेबांचा खेळ. (हाच ग्रेग उतारवयात कॅथलिक पाद्री झाला. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

चहाचा वेगळा कप ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांशी खेळायचं होतं आणि बाळूंची कीर्ती तोवर कानावर आली होती. संघातल्या काही तेलुगू सभासदांना ते हवे होते, ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर घेतलं, पण अर्धंच घेतलं. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांनी हाताळायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून पिणार आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून चहा. जेवण वेगळ्या पानात, वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायला पाणी घालणारा माणूसही त्यांच्याच समाजातला.

चेंडूचा विटाळ होत नव्हता, कपाचा होत होता. कारण साधं आहे. चेंडूवाचून सामना जिंकता येत नव्हता, कपावाचून येत होता.

मग पुण्यात हे बदललं कसं?

साताऱ्याच्या एका सामन्याची गोष्ट सांगतात. तिथल्या युरोपियन जिमखान्याने बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन खेळपट्टी कित्येक आठवडे रोलर फिरवून गुळगुळीत करून ठेवली होती. बाळूंनी तरीही सात बळी घेतले. त्यानंतरच्या सत्कारात खुद्द न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात अडचण कसली, असा सवाल खेळाडूंना केला.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. सात बळींनी कप बदलला नाही. सात बळींमुळे रानड्यांसारख्या माणसाला चारचौघांत तो प्रश्न विचारायची संधी मिळाली. खेळाकडून एवढंच मिळतं, आणि तेही कमी नाही.

मुंबईला ते का गेले?

१८९६ मध्ये प्लेगने दोन्ही शहरं हादरली, त्याच सुमारास. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून पुन्हा कुरबूर झाली. कप्तान कीर्तिकरांनी आग्रह धरला म्हणून प्रवेश मिळाला. नोकरी मिळाली बी. बी. सी. आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत.

या नोकरीबद्दल फार कमी बोललं जातं. मला तर ती पदकांपेक्षा आणि हारांपेक्षा मोठी वाटते. झाडलोट करणाऱ्या मुलाचा रेल्वेतला पगारदार माणूस झाला, आणि त्या मागोमाग भाऊ मुंबईत स्थिरावले. खेळातून सामाजिक विकास होतो म्हणजे नेमकं काय होतं, असं कोणी विचारलं तर मी आधी नोकरी सांगेन, मग बाकीचं.

१९०६ च्या सामन्याला एवढं महत्त्व का?

फेब्रुवारी १९०६, बॉम्बे जिमखान्याचं मैदान. या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. खेळायला बोलावलं म्हणून पाऊल ठेवता आलं. हिंदूंनी २४२ केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६०. जिंकायला २१२ हव्या असताना युरोपियन १०२ वर आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंचे बळी दोन्ही डाव मिळून आठ. शिवरामही संघात होता.

वंगभंगाला तेव्हा काही महिनेच झाले होते आणि स्वदेशीची हवा तापलेली होती, त्यामुळे या विजयाची चर्चा क्रिकेटपुरती राहणं शक्यच नव्हतं. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी साप्ताहिकाने गोऱ्यांच्या पराभवाइतकंच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीला दिलं: पुण्यात बाहेर चहा पिणारा माणूस मुंबईत इतर हिंदू खेळाडूंच्या पंगतीला बसू लागला होता. राष्ट्रहित आणि जातीचा अडसर एकमेकांसमोर आले की काय करायचं, याचं उत्तर खेळाडूंनी देऊन टाकलं, असा त्यांचा सूर होता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात काय झालं?

सगळ्या हिंदुस्थानचा म्हणून गेलेला हा पहिला संघ. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, संघात पारशी, हिंदू, मुसलमान. संघ २३ सामने खेळला, ६ जिंकला, १५ हरला. महाराजांचं अर्धं लक्ष लंडनच्या मेजवान्यांकडे. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले, दुखऱ्या खांद्याने आणि पस्तिशी उलटत असताना. सॉमरसेटविरुद्धच्या एका गड्याने मिळालेल्या विजयात शिवरामचं शतक होतं. महाराजांच्या हाताखाली खेळून दौरा तगवला तो चर्मकारांच्या दोन मुलांनी.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने लिहिलं होतं, असं सांगतात.

एवढं असून बाळू हिंदू संघाचे कप्तान का झाले नाहीत?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि 'खेळात जात नसते' म्हणणाऱ्यांनी तो टाळू नये.

१९११ नंतर जवळजवळ दर वर्षी मागणी होत राहिली, दर वर्षी ती बाजूला सारली गेली. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. ते सारस्वत ब्राह्मण. सत्काराला उत्तर देताना त्यांनी भर सभेत सांगितलं की हा मान खरा माझे मित्र बाळू यांचा, ते ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. पैंचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. मिळालेल्या खुर्चीवर बसून ती दुसऱ्याची आहे असं सांगणारी माणसं तेव्हाही कमी होती.

१९२० ला प्रकरण पेटलं. पै आजारी, म्हणून बदली कप्तान नेमायचा होता. विठ्ठल तोवर संघाचा आघाडीचा फलंदाज झालेला. निवड समितीने बाळूंना वगळलं आणि कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिलं. पंचेचाळिशीला आलेल्या बाळूंना वगळणं क्रिकेटच्या हिशेबात बसतं असं कोणी म्हणेल. तेवढं मान्य करू. पण विठ्ठलला डावलण्याला तसलं कारण नव्हतं. देवधर पुढे मोठे खेळाडू झाले, भारतीय क्रिकेटचे पितामह म्हणवले गेले, पण त्या दिवशी ज्येष्ठता आणि कामगिरी विठ्ठलच्या बाजूने होती.

विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. गुपचूप नाही, वर्तमानपत्रात निवेदन देऊन. आपल्याला जातीमुळे डावललं गेलं असं त्यांनी उघड म्हटलं. वृत्तपत्रांतून गहजब झाला. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्याला पै बरे होऊन आले, बाळूंना परत बोलावून उपकप्तान केलं गेलं, भाऊही परतले. आणि सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ तरी संघ बाळूंच्या हाताखाली खेळावा.

बाळूंच्या वाट्याला आलेलं कप्तानपद ते एवढंच.

मग कोणाला मिळालं?

विठ्ठलला. १९२३ मध्ये. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी कप्तानाला खांद्यावर घेऊन मिरवलं. पुण्यातल्या मातीच्या कपापासून इथवर यायला पाव शतकाहून अधिक काळ गेला.

हे बदल खेळामुळे झाले की गांधीजींच्या चळवळीमुळे?

दोन्ही. १९२० नंतर काँग्रेसने अस्पृश्यतेचा प्रश्न उघडपणे हाती घेतला होता, आणि १९२३ ची निवड करणारे लोक त्याच हवेत वावरत होते. पण चळवळ आली म्हणून एखाद्या सामान्य खेळाडूला कोणी कप्तान केलं नसतं. विठ्ठलच्या धावा हव्याच होत्या, आणि १९२० चं ते निवेदनही.

डॉ. आंबेडकर आणि बाळू यांचं पुढे बिनसलं, हे खरं का?

राजकारणात मार्ग वेगळे झाले, असं म्हणणं जास्त बरोबर. बाळू गांधीजींच्या बाजूचे. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचंही नाव आहे. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जाहीर केलं, ते बाळूंना पटलं नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५.

मतं मोजायची तर फरक दोन हजारांचा. पण विचार करता हे दोन अनुभवांमधलं भांडण होतं. बाळूंना वाटायचं, गुण दाखवले की दार उघडतं, उशिरा का होईना. बाबासाहेबांचा मुद्दा असा की ज्याच्या हाती दार आहे त्याच्या मर्जीवर किती जणांनी अवलंबून राहायचं? डावखुरी फिरकी सगळ्यांना येत नाही.

पंचरंगी सामने बंद का पडले?

एकाएकी नाही पडले. १९३० ते १९३३ सविनय कायदेभंगाच्या काळात सामने झाले नाहीत, १९३४ ला पुन्हा सुरू झाले. त्याच मोसमात प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा सुरू झाली, म्हणजे पर्याय समोर होता. पण गर्दी पंचरंगीला. ब्रेबॉर्न स्टेडियम भरून वाहायचं आणि जिमखान्यांची तिजोरीही. (१९३७ च्या पहिल्या पंचरंगीवर हिंदूंनी बहिष्कार घातला, तो तत्त्वासाठी नव्हे. नव्या स्टेडियमात आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून!)

'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी धर्मवार क्रिकेटविरुद्ध लावून धरलं. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक सल्ला विचारायला गांधीजींकडे गेले. त्यांनी साफ सांगितलं की सामने बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे, खेळातून तरी धर्मभेद पुसून टाका. तरी सामने आणखी काही वर्षं चालले. शेवटचे झाले १९४५-४६ च्या मोसमात, आणि त्यानंतर देशातलं वातावरणच असं झालं की पुन्हा भरवण्याची भाषा कोणी करेना.

प्रेक्षक एकमेकांचा द्वेष करत होते का?

सरसकट तसं दिसत नाही. हिंदूंचा विजय मर्चंट आणि 'रेस्ट'चा विजय हजारे, या दोन विजयांची चुरस सगळं मुंबई शहर धर्म विसरून पाहायचं. १९४३ च्या अंतिम सामन्यात मर्चंटने नाबाद २५० केल्या, हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. 'रेस्ट' १३३ वर बाद. फॉलोऑननंतर हजारे, सांगलीचा हा ख्रिस्ती मुलगा, उभा राहिला आणि ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी झाली, तिच्यात विवेकच्या धावा २१. सामना गेला तो गेलाच, पण लोकांच्या तोंडी नाव हजारेचं. पुढच्या वर्षी मुसलमान संघाने हिंदूंना एका गड्याने हरवलं, तोही सामना जाणकार आजवर कौतुकाने सांगत आले.

तरीही मी ब्रेलवींच्याच बाजूचा. मैदानात टाळ्या देणारा माणूस घरी जाताना 'आपण जिंकलो', 'ते जिंकले' असंच म्हणत जात होता, आणि चाळीसच्या दशकात या 'आपण' आणि 'ते'ची किंमत क्रिकेटबाहेर मोजली जाणार होती.

यात बायका कुठे होत्या?

या गोष्टीत नाहीत. पण रेल्वेचा धागा पुढे नेला तर सापडतात. बी. बी. सी. आय. ची पश्चिम रेल्वे झाली १९५१ मध्ये. मुंबईच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या पारशी डायना एदलजी त्याच पश्चिम रेल्वेत नोकरीला होत्या आणि भारताच्या कप्तान झाल्या. महिला क्रिकेटमध्ये पैसा नव्हता त्या काळात रेल्वेच्या नोकरीने कित्येकींचा खेळ टिकवला.

हिंदू जिमखान्यात नंतर काही बदललं?

मरीन ड्राइव्हवरून जाताना पारशी, इस्लाम, हिंदू असे जिमखाने आजही शेजारी शेजारी दिसतात. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचं कुटुंब तिथल्याच आवारातल्या एका खोलीत राहत असे. त्यांचा मुलगा एकनाथ सोलकर. भारताकडून २७ कसोटी आणि ५३ झेल, बहुतेक फॉरवर्ड शॉर्टलेगला, हेल्मेट नसताना. सामन्याच्या दिवशी धावफलक फिरवणारा पोरगा पुढे त्याच मैदानावर कसोटीवीर म्हणून उतरला, तेव्हा तरी त्याच्या चहाच्या कपाची चर्चा झाली नाही.

आमच्याकडे समाजाचा चषक असतो, फक्त आपल्या ज्ञातीतल्या मुलांसाठी. हे चुकीचं का?

मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत टेनिस बॉलचे असे चषक भरपूर होतात. चार पैसे जमतात, पांगलेली मुलं एकत्र येतात, कोणाची फी भरली जाते. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त वर्षातली एकमेव स्पर्धा ती नसावी. गावाची, वॉर्डाची, वाड्यांची मिसळ करून आणखी एक भरवा, आणि संघ चिठ्ठ्या टाकून पाडा.

मिसळ संघ केले की झालं का?

नाही. बाळूंचा संघही मिसळच होता. भरवताना तीन गोष्टी पाहा: कप्तान कोण ठरवतं, सामन्यानंतर जेवण कुठे आणि कोणाच्या घरी होतं, आणि रोलर कोण फिरवतं. पाण्याचा ड्रम एकच ठेवा, ग्लासही तेच. रोलर फिरवणाऱ्या मुलाला नेटमध्ये गोलंदाजी देत असाल तर बॅटही द्या.